डिस्क वाकडी नव्हतीच

सुरत-धुळे महामार्गावर नवापूरच्या अलीकडे-पलीकडे जी गॅरेजं आहेत, तिथल्या मिस्त्र्यांना एक तक्रार पाठ असते. 'ऐंशीच्या वर स्पीड असताना ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.' गाडी एमएच ३९ पासिंगची असो की सीमेपलीकडच्या गुजरातची जीजे २६ ची, तक्रार तीच. कुणी ती मराठीत करतो, कुणी गुजरातीत, आणि बरेच जण दोन्हींच्या मिसळीत. निदानही ठरलेलं असतं: डिस्क वाकली. दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क येतात, बसतात, थरथर जाते आणि गाडीमालक खुशीत पैसे मोजतो. पाच-सहा हजार किलोमीटर होतात आणि तोच माणूस तीच तक्रार घेऊन परत दारात. आता खापर डिस्कवर फुटतं. 'भाऊ, माल ड्युप्लिकेट निघाला.'

माल बहुतेक वेळा अस्सल असतो. डिस्क वाकलेलीही नसते. पहिलीही नव्हती. गडबड असते ती डिस्क ज्या जागी हबला टेकते तिथे, आणि ती जागा डिस्क बसल्यावर कुणालाच दिसत नाही.

हा प्रश्न कुठल्याही गावातल्या गाड्यांना येतो, पण नवापूरकडे त्याला खतपाणी जरा जास्तच मिळतं. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, हजिऱ्याहून निघून थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जातो. धुळ्याकडून सुरतेला निघालेली गाडी दहिवेल सोडल्यावर कोंडाईबारी घाट उतरते आणि विसरवाडीवरून नवापुरात येते. म्हणजे गावात शिरणारी निम्मी वाहनं नुकतीच घाट उतरून, ब्रेक तापवून आलेली असतात. दुसरीकडे, खानदेशाच्या कोरड्या पट्ट्याच्या मानाने या तालुक्यात पाऊस भरपूर. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीला आलेला पूर नवापूरकर विसरलेले नाहीत. तापलेलं लोखंड आणि पावसाचं पाणी आलटून-पालटून मिळालं की गंज धरायला वेळ लागत नाही. शिवाय इथल्या पोल्ट्रीतली अंडी पिकअपने बाहेर जातात. अंड्यांचे ट्रे भरलेल्या पिकअपचा ड्रायव्हर ब्रेकमधल्या थरथरीबद्दल इतरांपेक्षा जरा जास्तच हळवा असतो, हे वेगळं सांगायला नको.

चाक काढलं की आत काय दिसतं? समोर चकचकीत गोल डिस्क. कंपनीच्या पुस्तकात हिचं नाव रोटर, गॅरेजात मात्र डिस्कच. तिच्या एका कडेला कॅलिपर बसलेला, त्यात दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड. डिस्कचा मधला भाग सपाट नसतो, टोपीसारखा उंच असतो. ही टोपी मागच्या हबच्या तोंडावर बसते. हबमधून चार किंवा पाच स्टड बाहेर आलेले असतात, ते डिस्कच्या भोकांतून पुढे येतात, त्यावर चाक चढतं आणि वर नट. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो, त्यावर डिस्क मध्यभागी नेमकी बसते. हबच्या मागे बेअरिंग, बेअरिंग नकल नावाच्या भागात आणि नकल सस्पेन्शनला. गाडीच्या त्या कोपऱ्याचा सगळा भार, वळणावरचा सगळा रेटा आणि ब्रेकचा सगळा जोर या एवढ्याशा उतरंडीतून जातो.

बऱ्याच गाड्यांमध्ये डिस्कवर एक किंवा दोन बारीक स्क्रू असतात. चाक काढलेलं पाहणाऱ्याला वाटतं, डिस्क याच स्क्रूवर धरलेली आहे. तसं काही नाही. कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर चाक चढेपर्यंत डिस्क घसरू नये, एवढंच त्यांचं काम. पाच-सात वर्षांनी हे स्क्रू इतके गंजतात की डोकं गोल होतं, मग छिन्नी लावून तोडावे लागतात. तुटला तरी आभाळ कोसळत नाही.

डिस्क खरी धरून ठेवतात ते चाकाचे नट. बारा मिलिमीटरच्या स्टडवरचा नट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर तो एकटा सुमारे चार टनांचा दाब देतो. चार नट म्हणजे सोळा टन. या दाबाखाली हबचं तोंड, डिस्कची टोपी आणि चाक ही तिन्ही एकमेकांवर इतकी घट्ट बसतात की ब्रेकचा जोर त्यांच्यातल्या घर्षणातूनच पुढे जातो. स्टडना आडवा धक्का बसूच नये अशी ही योजना आहे. म्हणून हब आणि टोपी यांच्या तोंडांमध्ये काय आहे, याला महत्त्व. तिथे असायला हवं फक्त लोखंडाला भिडलेलं लोखंड. प्रत्यक्षात असतात गंजाचे पापुद्रे, जुना रंग, मातीचे खडे आणि क्वचित मिस्त्रीने प्रेमाने चोपडलेलं ग्रीस.

आता थोडं गणित, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. समजा हबच्या तोंडाचा व्यास १४० मिलिमीटर आहे आणि त्याच्या कडेला, एका स्टडशेजारी, गंजाचा पापुद्रा राहिला आहे. जाडी ०.०५ मिलिमीटर. एका मिलिमीटरचे वीस भाग केले तर त्यातला एक. बोटाला तो जेमतेम जाणवेल. पण टोपी तेवढी तिरकी बसली की २४० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला हा तिरकेपणा ०.०८५ मिलिमीटरवर जातो. डिस्क बसवल्यानंतर ती किती डोलू द्यावी, याची मर्यादा बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. म्हणजे एका पापुद्र्यात काम तमाम. गॅरेजच्या भाषेत, डिस्क 'आउट' झाली.

इथे एक गंमत आहे. अशी डिस्क बसवून गाडी बाहेर काढली तर लगेच काहीही जाणवत नाही. कॅलिपर थोडा इकडे-तिकडे सरकू शकतो, तो ते डोलणं पचवून घेतो. ग्राहक खूश, मिस्त्रीही खूश. मात्र ब्रेकवर पाय नसतानाही डिस्कची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला हलकेच घासून जाते. छोट्या कारचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे फेरे घेतं. शंभर किलोमीटरची सुरतेची वारी झाली की पंचावन्न हजार वेळा तीच जागा घासली जाते. काही महिन्यांत ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा पातळ होते. किती? ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. एवढा फरक पुरेसा असतो. ब्रेक दाबल्यावर पॅड कधी जाड भागावर येतो, कधी पातळ भागावर. ब्रेक ऑइलचा दाब वर-खाली होतो, पेडल पायाला मारतं आणि स्टिअरिंग थरथरतं.

थोडक्यात, डिस्क वाकत नाही, ती एका बाजूने झिजते, आणि झिजायचं कारण तिच्या पाठीमागे असतं. नवी डिस्क त्याच पापुद्र्यावर बसवली की तेच चक्र पुन्हा सुरू.

मग लेथवर फेस मारून आणतात, त्याचं काय? नवापूरपासून धुळ्यापर्यंत हा उपाय सर्रास केला जातो. लेथवर डिस्क सरळ होते यात शंका नाही, पण ती लेथच्या चकशी सरळ होते. परत गाडीवर आली की तिला त्याच गंजक्या हबवर बसायचं असतं. शिवाय प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती बघितल्याशिवाय फेस मारणं धोक्याचं. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायची तिची ताकदही कमी होते, आणि घाटातल्या गावात ही ताकद स्वस्तात घालवण्यासारखी गोष्ट नाही. परदेशात गाडीवरच्या हबला जोडून, जागच्या जागी डिस्क सरळ करणारी लेथ वापरतात. आपल्याकडे ती मोजक्या वर्कशॉपांत दिसते.

खरा उपाय त्यामानाने कंटाळवाणा आहे. डिस्क काढल्यावर हबचं तोंड वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासायचं. स्टडच्या बुडाशी गोल कडं राहतं, तिथे ब्रश पोचत नाही. तिथेच सर्वांत जाड गंज असतो, म्हणून ती जागा वेगळी घासायची. मधला उंचवटा साफ करायचा. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढली असेल तर तोंडावर फुगवटा उठलाय का ते पाहायचं. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल लावलेलं असतं, ते पेट्रोलने किंवा थिनरने पुसायचं. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम. बिलात त्याची ओळ नसते, म्हणून ते होत नाही.

यानंतर डायल गेज. चुंबकाच्या स्टँडवर बसवलेलं घड्याळासारखं हे साधन नकलला लावायचं, डिस्क नटांनी आवळायची आणि हाताने एक फेरा फिरवायचा. काटा किती हलला ते दिसतं. जास्त हलला तर डिस्क काढून एक स्टड पुढे सरकवून बसवायची. चार स्टड म्हणजे चार संधी. हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एखाद्या जागी एकमेकांना मारतात आणि काटा शांत होतो. हे साधन काही हजारांत मिळतं, कुठल्याही लेथवाल्याकडे असतं आणि फार थोड्या गॅरेजांत असतं. गाडीमालकाने 'डायल लावून दाखवा' एवढं म्हटलं तरी पुष्कळ फरक पडेल.

काटा शांत झाला आणि मग चाक बसवताना इम्पॅक्ट गनने एकामागून एक नट घर्रर्र आवळले, तर केलेलं काम वाया. एका बाजूचा नट आधी पूर्ण दाबला की टोपी त्या बाजूला खेचली जाते. म्हणून नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळायचे. छोट्या-मध्यम कारसाठी हा आकडा साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो. पान्यावर उभं राहून नट आवळणाऱ्याला आपण मजबूत काम केल्यासारखं वाटतं, पण तो स्टड ताणत असतो.

हा जोड किती नाजूक आहे, याचा धडा टोयोटासारख्या कंपनीलाही मिळाला. २०२२ मध्ये बीझेड४एक्स ही तिची नवी विजेवर चालणारी गाडी बाजारात आली आणि जूनमध्ये जगभरातल्या सुमारे २,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याची भीती होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका, असं मालकांना सांगितलं गेलं. उपाय जाहीर व्हायला ऑक्टोबर उजाडला, आणि त्यात होतं काय? वॉशरसह नवे बोल्ट आणि ते आवळण्याची पद्धत. सगळं संगणकाधारित तंत्रज्ञान एका बाजूला आणि वॉशर एका बाजूला.

हब स्वच्छ आहे, नट नीट आहेत, तरी काटा हलतोय? मग बेअरिंगकडे वळायचं. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवलं की 'प्ले' कळतो. प्ले येण्याआधीच बेअरिंग बोलायला लागतं. साठच्या पुढे घूं-घूं असा आवाज येतो आणि गाडी उजवीकडे वळवली की तो वाढतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून अशा वेळी संशय डाव्या बेअरिंगवर. अनेक जण याला टायरचा आवाज समजून टायर बदलून मोकळे होतात.

कारच्या बेअरिंगच्या ढोबळ मानाने तीन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीत बेअरिंग वेगळं असतं, ते नकलमध्ये प्रेसने दाबून बसवतात आणि त्यात पुन्हा हब दाबतात. दुसऱ्या पिढीत बेअरिंगच्या एका कड्यालाच हबचं तोंड जोडलेलं असतं. तिसऱ्या पिढीत हब आणि बेअरिंग मिळून एकच गड्डा असतो, तो तीन-चार बोल्टने नकलला बसतो. तिसऱ्या पिढीचं काम सोपं, पण सामान महाग. आपल्या रस्त्यांवर पहिल्या पिढीच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि कारागिराची परीक्षा तिथेच लागते.

नियम एका वाक्याचा आहे: जे कडं घट्ट बसायचंय, दाब त्याच कड्यावर द्यायचा. नकलमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर, हब घालताना आतल्या कड्याला खालून टेका देऊन. उलट केलं तर सगळा दाब मधल्या गोळ्यांतून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. बेअरिंग नवंकोरं, डबीतून आत्ता काढलेलं, आणि बसवतानाच मेलेलं. अनुभवी मिस्त्री जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं बाजूने थोडं घासून जपून ठेवतात आणि नवं बसवताना प्रेसखाली तेच वापरतात. माप बरोबर, खर्च शून्य. घणाने ठोकून बेअरिंग बसवणाऱ्यांचीही कमतरता नाही. त्यांचं गिऱ्हाईकही लवकर परत येतं.

एबीएसने या कामात एक नवा सापळा आणला. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. अनेक गाड्यांत चाकाचा वेग मोजण्यासाठी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडं बसवलेलं असतं. दोन्ही बाजू पहिल्या नजरेत सारख्याच दिसतात. बेअरिंग उलटं दाबलं की सेन्सरसमोर नुसता रबर येतो आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझता विझत नाही. ते पुन्हा काढायचं तर बेअरिंग खराब होतंच, म्हणजे दुसरं विकत आणा. कोणत्या बाजूला चुंबक आहे हे ओळखायला लोखंडाची बारीक टाचणी पुरते. ती चुंबकाच्या बाजूला चिकटते. अशी बेअरिंग स्पीकरच्या चुंबकाशेजारी ठेवू नयेत, हेही ओघाने आलं.

शेवटी ड्राइव्ह शाफ्टचा मोठा हब नट. त्याच्या दाबामुळेच बेअरिंगची दोन आतली कडी एकमेकांना धरून राहतात. तो सैल असताना गाडी जॅकवरून खाली घेऊन ढकलली, तर चार पावलांत बेअरिंगचं आयुष्य घटतं. हा नट काठ ठोकून लॉक केलेला असतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा. जुनाच पुन्हा वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो.

ट्रकची गोष्ट वेगळी आहे. महामार्गावरच्या बहुतेक ट्रकांना अजून हवेवर चालणारे ड्रम ब्रेक आहेत. तिथे हबवर डिस्कच्या जागी ड्रम येतो आणि हबच्या आत समोरासमोर दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकन बग्गी बनवणाऱ्याने १८९८ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना. चाकावर सरळ भारही येतो आणि वळणावर आडवा रेटाही. तिरपे रोलर दोन्ही सोसतात. ती बसवण्यात मात्र हाताची जाण लागते. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा हलका लावायचा आणि स्प्लिट पिन घालायची. शेवटी ०.०३ ते ०.१३ मिलिमीटरची ढील राहिली पाहिजे. ढील नसेल तर बेअरिंग तापतं, जास्त असेल तर ड्रम डोलतो.

तापण्याचा हिशेब घाटात कळतो. २५ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरला आणि सगळं काम ब्रेकवर सोडलं, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने पाऊणशे लिटर पाणी उकळेल. ही उष्णता ड्रममधून हबमध्ये आणि हबमधून ग्रीसमध्ये जाते. साधं लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांच्या आसपास पातळ होऊन ठिबकायला लागतं. हबच्या सीलमधून काळं ग्रीस चाकावर ओघळलेला ट्रक दिसला, तर त्याचा ड्रायव्हर गिअर न पाडता घाट उतरला आहे, असं खुशाल समजावं. कारच्या डिस्कला टोपीचा उंच भाग देण्याचं एक कारण हेच. उष्णतेला बेअरिंगपर्यंत जायची वाट जरा लांब होते. आणि घाट उतरून पहिल्याच ढाब्यावर थांबलात, तर पाय ब्रेकवर दाबून ठेवू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल एकाच जागी चिकटतो आणि थरथरीचं दुसरं कारण तयार होतं.

डिस्क ब्रेक काही कालचा नाही. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं होतं, पण त्याचा दबदबा निर्माण झाला तो १९५३ मध्ये, डिस्क लावलेली जग्वार ल मांसची शर्यत जिंकली तेव्हा. आपल्याकडे फियाट-अँबॅसिडरच्या जमान्यात ड्रमच होते. आज मात्र या जोडातला जवळजवळ प्रत्येक तुकडा आसपास बनतो. डिस्क आणि हबचं बीड ओतणाऱ्या फाउंड्र्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात आहेत. बीडातल्या ग्राफाइटमुळे ते उष्णता झटकन वाहून नेतं आणि कंप गिळतं, म्हणून डिस्कला अजून बीडच लागतं. बेअरिंगसाठी चिंचवडला एसकेएफ आणि वडोदऱ्याला पूर्वीची एफएजी, आताची शेफ्लर. याच ५३ क्रमांकाच्या रस्त्याने धुळे ओलांडून पुढे गेलं की जळगावच्या एमआयडीसीत ब्रेकचा कारखाना लागतो. आधी तो कल्याणी ब्रेक्सचा, मग बॉशचा. २०१२ मध्ये बॉशने हा धंदा विकला आणि चासी ब्रेक्स इंटरनॅशनल उभी राहिली, ती २०१९ मध्ये हिताचीने घेतली. पाट्या बदलत गेल्या, काम ब्रेकचंच राहिलं.

तेव्हा नवी डिस्क घालायची वेळ आलीच तर गाडी सोडून चहाला जाण्याआधी मिस्त्रीला तीन गोष्टी विचाराव्यात: हबचं तोंड घासणार का, डायल लावणार का, नट टॉर्क पान्याने आवळणार का. विचारल्याचा राग येत असेल तर पुढचं गॅरेज फार लांब नसतं. आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासायचे असतात, कारण नव्या डिस्कवरचा रंग आणि राहिलेली धूळ दबते, नट किंचित सैलावतात. नवापूरहून निघालेल्या गाडीसाठी हे ठिकाण सुरतेच्या दिशेने व्यारा किंवा बारडोलीजवळ येतं, धुळ्याच्या दिशेने साक्रीच्या आसपास. पाना सोबत ठेवावा.